मध नंतर, आधी पराग बघा : खानदेशात नवीन पेटी ठेवणाऱ्यांसाठी

मधमाशांची पेटी घेतली की पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, मध किती निघेल? मीही तोच विचारला होता. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला पहिल्या वर्षी चार पेट्या ठेवल्या. जुलैमध्ये फुलं नसतात एवढं ऐकून माहीत होतं म्हणून रोज संध्याकाळी साखरेचा पाक द्यायचो, सकाळी वाटी रिकामी, माशा आत-बाहेर करताहेत, म्हणजे सगळं व्यवस्थित चाललंय असंच वाटायचं. ऑगस्ट लागल्यावर पेट्या उघडल्या तर दोन पेट्यांत अळीच नाही. राणी फिरतेय पण अंडी अगदी तुरळक, माशा सगळ्या जुन्या, केस झडलेल्या, काळ्या चकचकीत, आणि चौकटीत पाक गच्च भरलेला पण पराग पोळ्याच्या एका घरात सुद्धा नाही. पोळ्याच्या सणापर्यंत त्या दोन्ही पेट्या संपल्या. माशा उपाशी नव्हत्या, पोट भरलेलं होतं, पण पुढची पिढी वाढवायला जे लागतं तेच घरात नव्हतं.

तेव्हापासून कोणी नवीन माणूस पेट्या बघायला आला की मी त्याला आधी परागाबद्दल सांगतो. तेच इथे क्रमाने लिहितो. माझ्याकडे आता मेलिफेरा, म्हणजे बाहेरून आलेली मोठी पाळीव मधमाशी, जास्त आहेत आणि सातेरीच्या, म्हणजे आपल्या लहान देशी मधमाशीच्या, दोन पेट्या, तर आकडे जिथे देईन ते मेलिफेराचे समजा.

पराग पेटीत जाऊन काय होतं ते आधी समजून घ्या

माशी फुलावर लोळते, अंगावरच्या केसांना पराग चिकटतो, मग उडता उडता ती पायांनी अंग विंचरते, तोंडातला थोडा मध लावून तो पराग ओला करते आणि मागच्या पायांवरच्या खोलगट जागेत दाबून दाबून गोळी बसवते. दोन पायांवर दोन गोळ्या, दोन्हींचं मिळून वजन साधारण १५ मिलिग्रॅम. म्हणजे एक किलो पराग गोळा व्हायला ६० ते ७० हजार फेऱ्या होतात, हे मनात ठेवा, पुढे पराग काढायच्या ट्रॅपचा विषय येईल तेव्हा आठवेल.

आत आल्यावर ती गोळ्या घरात टाकून परत जाते, आतल्या माशा डोक्याने त्या ठोकून बसवतात, वरून मध आणि लाळ लावतात आणि तिथे तो थोडा आंबतो, आपलं इडलीचं पीठ आंबतं तसा. त्याला बी ब्रेड म्हणतात. हा बी ब्रेड खातात त्या कोवळ्या माशा, साधारण पाच ते पंधरा दिवसांच्या, त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींमधून दुधासारखा रस तयार होतो आणि तो रस अळ्यांना आणि राणीला भरवला जातो. पराग नाही तर रस नाही, रस नाही तर अळी नाही, राणी पण अंडी आवरती घेते. एक माशी वाढवायला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास पराग लागतो आणि चांगल्या भरलेल्या पेटीला वर्षाला २० किलोच्या वरच लागतो. पाकातून यातलं काहीच मिळत नाही. पाक म्हणजे नुसती ताकद, प्रथिनं, चरबी, जीवनसत्त्वं, खनिजं हे सगळं परागातून.

पहिलं काम : सकाळी पेटीसमोर बसा

काही विकत घ्यायचं नाही, काही उघडायचं नाही. सकाळी ७ ते १० च्या मध्ये पेटीच्या बाजूला बसा, समोर बसू नका त्यांचा रस्ता अडतो, आणि मोबाईलवर पाच मिनिटं लावून मोजा की किती माशा पायाला गोळी घेऊन आत गेल्या. तीन-चार दिवस हेच करा. आकडा किती पाहिजे हे विचारू नका, कारण पेटीत माशा किती त्यावर ते अवलंबून, पण तुमच्याच पेटीचा आकडा आठवड्याने निम्म्यावर आला तर शिवारात काहीतरी संपलंय.

मोजताना रंग बघा. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे गोळी एकरंगी असते, आणि आज पेटीत तीन रंग जाताहेत म्हणजे शिवारात निदान तीन झाडं चालू आहेत. फिकट पिवळी गोळी सकाळी लवकर येत असेल तर बहुतेक मका, गडद पिवळी-केशरी म्हणजे सूर्यफूल असू शकतं, मोहरी झगझगीत पिवळी. पण एकसारखा पिवळा दहा झाडांचा असतो, म्हणून रंग बघून घरात बसून अंदाज बांधू नका, वावरात फिरा, माशी फुलावर असताना तिच्या पायाकडे बघा आणि मग पेटीसमोर येऊन जुळवा. माशा लांब जातात पण सुरुवातीला आजूबाजूचा एक-दीड किलोमीटर फिरलात तरी पुरे.

दुसरं : कुठलं झाड, कधी

एक साधी वही करा, पानावर महिना, खाली झाडाचं नाव, मध मिळतो की पराग की दोन्ही. हे मी मुद्दाम वेगळं लिहायला सांगतोय कारण आपल्याकडे फसायला होतं ते इथेच. खानदेश हिरवागार दिसतो, रावेर-यावल-चोपड्याला केळीच केळी, बाकी सगळा कापूस, आणि नवीन माणसाला वाटतं एवढं पीक आहे तर माशांची काय चिंता.

केळी बघा. केळफुलात माशा गर्दी करतात, पण ती गोड रसासाठी. आपल्या बागेतल्या व्यापारी केळीत पराग जवळजवळ नसल्यासारखाच, केळीला फळ धरायला परागीभवन लागतच नाही. आणि घड पूर्ण निसवला की शेतकरी केळफूल मोडूनच टाकतो. कापसाचं वेगळंच. कापसाच्या फुलात पराग भरपूर दिसतो, माशी आत जाऊन अंगभर पिवळी होऊन बाहेर येते, पण त्याचे कण मोठे आणि काटेरी असतात, त्याची गोळी वळत नाही, मग ती तो झटकून टाकते. कापसावर ती मुख्य करून रसासाठीच जाते, तो रस फुलात तर असतोच पण पानाच्या मागच्या शिरेवर आणि फुलाबाहेरच्या हिरव्या पाकळ्यांवर सुद्धा सुटतो. मला हे कळायला दोन हंगाम गेले. म्हणजे केळी आणि कापूस या दोन पिकांमध्ये पेटी ठेवली तर मधाची सोय होईल पण परागाची नाही.

वांग्याचंही सांगून टाकतो, कारण आपण भरीतवाले, वांगी सगळीकडे. वांग्याच्या फुलात पराग नळीसारख्या पिशवीत बंद असतो, वरच्या छिद्रातून बाहेर पडायला फूल थरथरावं लागतं. काळा भुंगा फुलाला धरून गुणगुणतो आणि तो पराग हलवून काढतो, मधमाशीला ते जमत नाही. टोमॅटोचं पण तसंच.

आता पराग खरंच कुठून येतो. माझ्या वहीतून लिहितो, तुमच्याकडे पंधरा दिवस मागे-पुढे होईल.

ऑगस्टपासून खरीप उघडतो. मका आणि बाजरी, दोन्ही वाऱ्यावर परागीभवन होणारी पिकं, रस नसतो, पण सकाळी लवकर तुऱ्यावर माशांची अशी झुंबड असते की आवाज ऐकू येतो, ऊन चढलं की सगळं शांत. म्हणून नऊनंतर वावरात जाणाऱ्याला मक्यावर माशी दिसत नाही आणि तो म्हणतो मक्यावर माशी येत नाही. तीळ ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतो आणि माझ्या मते पेटीसाठी खरिपातलं सगळ्यात चांगलं पीक तीळ, रस पण आणि पराग पण. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून आलेले जेएलटी ७, जेएलटी ४०८ असे वाण आपल्याकडे आहेतच, एक-दोन एकर तीळ पेटीजवळ असेल तर सप्टेंबरात अळ्यांच्या चौकटी भरलेल्या दिसतात. बांधावरची बोर याच दिवसात फुलते, तिच्या फुलाला उग्र वास येतो पण माशा सोडत नाहीत. काकडी, गिलकी, दोडकी, कारली या वेली असतील तर सकाळचा थोडा थोडा पराग रोज. बाभूळ पावसाळ्यातच, पिवळे गोंडे, त्यात रस फार नाही पण पराग मिळतो, बांधावरची बाभूळ तोडायला निघालेल्या शेजाऱ्याला मी हात जोडून थांबवलंय.

ऑक्टोबर ते डिसेंबर तूर. तुरीचं फूल मोठ्या माशा आणि भुंगे जास्त चांगलं उघडतात पण मधमाशा पण फिरतात. मग दादर. आपली रब्बीची दादर ज्वारी निसवते आणि दुसरीकडे रब्बीचा मका, तेव्हा थंडीत सुद्धा पराग चालू राहतो. करडई आणि सूर्यफूल आता आपल्याकडे फार कमी राहिलंय, पण कुणाचं असेल तर त्याच्याशी दोस्ती करा. धने, बडीशेप, मोहरीच्या दोन ओळी भाजीच्या वाफ्याकडेला टाकल्या तरी जानेवारीत कामाला येतात. शेवगा जानेवारी ते मार्च, घरामागे दोन झाडं असावीतच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे डेंगळे, बियाण्यासाठी लावलेले. डेंगळ्यांवर माशा हव्याच असतात, बी भरत नाही त्याशिवाय, तिथे पेट्या न्या, पण आजूबाजूला दुसरं गोड फूल चालू असेल तर माशा कांदा सोडून तिकडे जातात हे शेतकऱ्याला आधी सांगा. टरबूज आणि डांगर याच काळात. टरबुजाचं फूल सकाळी उघडतं दुपारनंतर मिटतं, एका मादी फुलावर माशांच्या बऱ्याच भेटी झाल्या तरच फळ गोल आणि भरीव होतं, नाहीतर वाकडं. सातपुड्याकडे पळस, मोह, पायथ्याला शिंदी. मार्चअखेर ते एप्रिल कडुनिंब, मग मे-जूनला चिंच. वेडी बाभूळ नावाला वेडी पण मेच्या ४४-४५ डिग्रीत जेव्हा काहीच नसतं तेव्हा ती फुललेली असते. एकदांडी, तीच ती बांधावरची पिवळ्या-पांढऱ्या छोट्या फुलाची, बारा महिने थोडी थोडी देत राहते, तणनाशक मारताना बांध तरी सोडा.

आणि मग जूनचा मध्य ते जुलैअखेर. पेरणी झालेली, फूल कशालाच नाही, जे आहे ते पावसाने धुतलेलं. हाच तो महिना-दीड महिना ज्यात माझ्या पेट्या गेल्या. वहीत या पानाला लाल पेनाने चौकोन करा.

सगळा पराग सारखा नसतो

परागात प्रथिनं किती हे झाडाप्रमाणे खूप बदलतं, माशा आणतात त्यात साधारण १० पासून ४० टक्क्यांपर्यंत. ढोबळ हिशोब असा की २० टक्क्यांच्या खालचा एकटा पराग पेटीला कमी पडतो, २५ च्या वर असेल तर उत्तम. मका आणि सूर्यफूल १५ च्या आसपास, मोहरी २४-२५ कडे. पण नुसता टक्का बघून पण चालत नाही. १९५३ साली डी ग्रूट या डच संशोधकाने दाखवलं की मधमाशीला दहा अमिनो आम्लं, म्हणजे ज्यांची प्रथिनं बनतात ती, बाहेरूनच मिळावी लागतात, ती स्वतः तयार करू शकत नाही, आणि त्यातलं एक जरी कमी पडलं तरी बाकीच्यांचा उपयोग तेवढाच मर्यादित होतो. मक्याच्या परागात हिस्टिडीन कमी पडतं. निलगिरीत आयसोल्युसिन कमी.

आपल्याला हे समजायला सोपं आहे. नुसती ज्वारीची भाकर आणि कळण्याची भाकर यात काय फरक? कळण्यात उडीद असतो, ज्वारीत जे लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं ते उडीद भरून काढतो, म्हणून कळण्याची भाकर खाल्लेला माणूस दुपारपर्यंत टिकतो. पेटीला पण कळणाच पाहिजे, म्हणजे मका आहे तर सोबत तीळ पाहिजे, बोर पाहिजे, बांधावरचं रानफूल पाहिजे. शंभर एकर एकाच पिकात ठेवलेली पेटी महिनाभर छान दिसते आणि नंतर उतरते, ते याच्यामुळे. शिवाय परागात चरबीसारखे स्टेरॉल असतात, तेही माशी स्वतः बनवत नाही, आणि ते कुठल्याच पाकात नसतात.

तिसरं : पेटी उघडून परागाची कमान बघा

दहा-बारा दिवसातून एकदा, ऊन सौम्य असताना. चांगल्या चौकटीत मध्ये अळ्या, त्याच्याभोवती कमानीसारखा पराग, आणि वर मध. ही कमान दोन-तीन बोटं रुंद आणि रंगीबेरंगी असली की निर्धास्त राहा. कमान नुसती एका रंगाची असेल तर आजूबाजूला दुसरं काय आहे ते शोधा. कमानच नाही, अळ्या कोरड्या दिसताहेत, घराच्या तळाला पांढरा रस दिसत नाही, तर आजच काहीतरी करावं लागेल.

काय करायचं? शक्य असेल तर पेटी हलवा, सातपुड्याकडे किंवा जिथे फूल चालू आहे तिथे. नाही जमलं तर परागाला पर्याय म्हणून पीठ द्या. जुनं प्रमाण आहे, तीन भाग तेल काढलेलं सोयाबीनचं पीठ, एक भाग ब्रूअर्स यीस्ट, एक भाग साय काढलेली दूध पावडर, साखरेच्या घट्ट पाकात पुरणासारखं मळून चपटी वडी करायची, बटर पेपरमध्ये गुंडाळून चौकटींच्या वरच ठेवायची, अळ्यांच्या अगदी जवळ. सोयाबीनचं पीठ तेल असलेलं घेऊ नका, खवट होतं. आपल्याकडे जमवलेला स्वतःच्याच पेट्यांचा थोडा पराग त्यात मिसळला तर माशा लवकर तोंड लावतात, दुसऱ्याचा पराग मात्र नको, त्यातून अळ्यांचे रोग येतात. वडी थोडी थोडी द्या, चार दिवसात संपेल एवढीच, पावसाळ्यात बुरशी लागते. हे मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू करतो, पेटी उतरल्यावर नाही, उतरायच्या आधी. त्यानंतर पावसाळ्यात पेटी गेली नाही.

फवारणीचं पण इथेच सांगतो. कापसावर विषारी औषध सकाळी मारलं की त्याच दिवशी पेटीसमोर मेलेल्या माशा पडतात, ते दिसतं तरी. पण परागासोबत जे थोडं थोडं आत जातं ते साठून राहतं आणि आठवडाभराने कोवळ्या माशा आणि अळ्या मरतात, तेव्हा कारण कोणाला कळत नाही. शेजाऱ्याला भेटा, फुलात असताना मारू नको सांगा, मारायचंच तर संध्याकाळी माशा परत आल्यावर, आणि आदल्या दिवशी फोन कर सांगा. मी एक किलो मध दरवर्षी चारी बाजूच्या शेतकऱ्यांना देतो, फोन येतात.

स्वतःसाठी पराग काढायचा असेल तर

काढता येतो, पण पहिल्या वर्षी नका. आणि नंतरसुद्धा आठ चौकटी माशांनी भरलेल्या असतील अशाच पेटीतून, आणि जेव्हा बाहेर भरपूर असेल तेव्हाच, आपल्याकडे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर आणि परत दादर-मक्याच्या वेळी. दारावर पोलन ट्रॅप बसतो, त्याच्या जाळीला साधारण ५ मिलिमीटरची भोकं असतात, माशी कशीबशी आत जाते आणि गोळी घासून खाली ट्रेमध्ये पडते. सातेरी लहान, तिला हे माप चालत नाही. आठवड्यात दोन-तीन दिवस लावा, बाकी दिवस काढून ठेवा. एक चमचा पराग म्हणजे पाच ग्रॅम, म्हणजे तीनशेच्या वर फेऱ्या, त्या कोणाच्या तरी तोंडचा घास आहेत.

ट्रे रोज संध्याकाळी रिकामा करायचा, राहिला तर ओल धरतो, ताज्या गोळीत २०-३० टक्के पाणी असतं. मुंग्या, माशांचे पाय, कचरा निवडून घ्या. वाळवायचं सावलीत किंवा ड्रायरमध्ये ४० डिग्रीच्या वर जाऊ न देता. आपल्या मेच्या उन्हात गच्चीवर कधीच नाही, उन्हाने रंग आणि जीवनसत्त्वं दोन्ही जातात. दोन गोळ्या बोटात दाबल्या तर फुटतील पण चिकटणार नाहीत, एवढं वाळलं की काचेच्या घट्ट बरणीत, फ्रिजमध्ये. वाळवायचं नसेल तर त्याच दिवशी फ्रीजरमध्ये.

खाण्याबद्दल स्पष्ट लिहितो कारण विकणारे काहीही सांगतात. वाळलेल्या परागात साधारण २० टक्के प्रथिनं, बाकी बरीचशी साखर, थोडी चरबी, पोटॅशियम, फॉस्फरस, ब गटातली काही जीवनसत्त्वं, कॅरोटीन. चांगलं अन्न आहे. पण एका चमच्यात प्रथिनं एकच ग्रॅम, मूठभर फुटाण्यात त्याच्या पाच-सहा पट असतात, म्हणून प्रथिनांसाठी कोणी पराग खाऊ नये. आणि परागाच्या कणाला बाहेरून फार टणक कवच असतं, नुसतं गिळलं तर आतलं बरंचसं तसंच बाहेर जातं, रात्री पाण्यात किंवा दह्यात भिजवून किंवा मिक्सरला फिरवून घेतलं तर जास्त लागू पडतं. कोणताही आजार याने बरा होतो असं मी कोणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

ॲलर्जी मात्र खरी गोष्ट आहे. गाजर गवताचा पराग सुद्धा माशा आणतात आणि त्याचा त्रास असणारे लोक आपल्याकडे गावोगाव आहेत. दमा असेल, फुलांच्या दिवसात शिंका-खाज येत असेल, मधमाशी चावून कधी जास्त त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गरोदर बाईने नको, लहान बाळाला अजिबात नको, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्याने पण आधी डॉक्टर. ज्याला यातलं काहीच नाही त्याने पहिल्या दिवशी दोन-तीन दाणे जिभेवर ठेवायचे आणि दिवसभर थांबायचं. ओठ सुजले, घशात खवखवलं, अंगावर गांधी उठल्या तर तिथेच थांबा, आणि श्वास जड झाला तर ताबडतोब दवाखान्यात. काही नाही झालं तर हळूहळू वाढवत अर्धा-एक चमचा, त्याच्या पुढे गरज नाही. बरणी उघडल्यावर आंबट वास आला किंवा दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले तर ती खायची नाही आणि माशांना पण द्यायची नाही, खड्डा करून पुरून टाका, उघड्यावर टाकली तर माशा परत उचलून आणतात.